जमिनीवर बसायचं होतं

मी लठ्ठ होते हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, पण सांगण्यात कुणी कसूर ठेवली नाही. दुकानदार सांगायचा, शेजारीण सांगायची, बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाई उतरता उतरता आहाराचा सल्ला देऊन जायची. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे. म्हणायचे, "असेल माझं वजन. पण आजवर माझ्याखाली एक खुर्ची मोडलेली नाही. विचारा कुणाच्याही घरी." आणि हे अगदी खरं होतं. लग्नाकार्यात, दवाखान्यात, नणंदेकडे, शाळेत, कुठेही बसले तरी खुर्चीने कधी साधी कुरकुर केली नाही. मला त्याचा अभिमान होता. म्हणजे आपण दिसतो तेवढे जड नाही, असा मी माझ्यापुरता हिशेब केला होता.

माझा नवरा खुर्च्यांचाच माणूस. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. लोक बसके सोफे आणि डुगडुगणाऱ्या खुर्च्या आणून टाकतात, हे त्या उलट्या करून जमिनीवर बसतात, जुने पट्टे खिळ्यांसकट उपटतात, नवे ताणून ठोकतात, वर काथ्या, वर कापड. शेवटचा टाका नेहमी लाल दोऱ्याचा. कापड कुठल्याही रंगाचं असो, खालच्या बाजूला कोपऱ्यात लाल गाठ असायचीच. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "सवय." बोलण्यात इतका कंजूष माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि एक खोड अशी की कुणाकडे बोलावणं असलं की हे आधीच तिथे जाऊन बसायचे. मी नटूनथटून पोचेपर्यंत यांचा दुसरा चहा झालेला. मला राग यायचा. नवराबायकोने बरोबर जावं की नाही?

मी बालवर्गाची शिक्षिका. बालवर्गात सगळं जमिनीवर चालतं. गोष्ट जमिनीवर, गाणं जमिनीवर, भांडण जमिनीवर, आणि ते सोडवायलाही जमिनीवरच बसावं लागतं. वरून बोलणाऱ्या माणसाचं तीन वर्षांचं मूल ऐकत नाही. ते फक्त नाकपुड्या बघत राहतं.

आमच्या वर्गाच्या दाराशी मी चेहऱ्यांची एक पट्टी लावली होती. एका टोकाला खूप हसरा चेहरा, मग थोडा हसरा, मग गप्प, मग उतरलेला, आणि दुसऱ्या टोकाला रडका. सकाळी आलेलं प्रत्येक मूल आज आपण कसे आहोत ते बोट ठेवून सांगायचं. शेवटी बाईंची पाळी. मी दरवेळी खूप हसऱ्यावर बोट ठेवायचे. घरी भांडण झालेलं असो, गुडघे ठणकत असोत, बोट ठरलेलं. एका चिमुरडीने एकदा विचारलं होतं, "बाईंना कधीच रडू येत नाही?" मी म्हटलं, "बाईंना वेळच नसतो गं."

त्या दिवशी मी एकाच्या बुटाची नाडी बांधायला खाली बसले आणि मला उठताच येईना. गुडघ्यांनी हात वर केले. मी खुर्चीचा पाय धरला, भिंत धरली, काही उपयोग नाही. मुलांना वाटलं नवा खेळ आहे. दोघांनी हात धरले, दोघांनी मागून ढकलायला सुरुवात केली, बाकीच्यांनी टाळ्यांचा ताल धरला. शेवटी मदतनीस बाई आणि शिपाई, दोघांनी मिळून मला उभं केलं. मी हसत होते. मुलांबरोबर टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग शिक्षकांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि पोटभर रडले.

मुख्याध्यापिका वाईट नाहीत. त्यांनी मला बसवून, पाणी देऊन सांगितलं, "या वर्षापुरता वर्ग सांभाळा. नव्या वर्षापासून ऑफिसात बसा. फोन घ्यायचे, पालकांशी बोलायचं. वर्गाला कुणीतरी तरुण मुलगी बघते."

घरी येऊन मी यांना सांगितलं. यांनी हातातली हातोडी खाली ठेवली, जरा विचार केला आणि म्हणाले, "चाकं लावून बुटकी खुर्ची करून देतो. मुलांच्या उंचीची."

माझं डोकंच फिरलं. "मला खुर्ची नकोय," मी म्हटलं. "जन्मभर खुर्च्याच बघतेय. मला जमिनीवर बसायचंय आणि जमिनीवरून उठायचंय. एवढंच हवंय मला."

यांनी हातोडी उचलली आणि कामाला लागले. पण त्या दिवशी त्यांचे खिळे वाकडे जात होते.

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांना हात लावायला नकार दिला. आधी वजन उतरवा म्हणाले. वजन उतरवायला मी काय कमी केलं होतं? उपाशी राहिले, उकडलेलं खाल्लं, चालून चालून गुडघे आणखी घालवले. उतरायचं आणि व्याजासकट परत यायचं. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आम्हा दोघांनाही त्या फार वर्षं ओळखतात.

त्या म्हणाल्या, "ऑपरेशनचा विचार करा. आळशी माणसांची पळवाट म्हणतात लोक, तसं काही नाही. तुमच्यासारख्यांसाठी तो खरा उपाय आहे. साखर आटोक्यात येते, रात्रीचं घोरणं कमी होतं, गुडघ्यांवरचा भार उतरतो."

"मग करा की."

"ऐकून तरी घ्या. पोटाचा मोठा भाग कापून काढतात, तो परत मिळत नाही. शिवण गळू शकते. पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. वाटीभर खाल्लं की पोट भरणार आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. आणि क्वचित माणूस जातोही."

"क्वचित म्हणजे किती?"

"क्वचित म्हणजे क्वचितच. पण तुम्हाला अंधारात ठेवून मला सही घ्यायची नाही."

मी फायदे ऐकले. यांनी फक्त "माणूस जातोही" एवढंच ऐकलं.

इथल्या सरकारी रुग्णालयात रांग एवढी लांब होती की माझा नंबर लागेपर्यंत ऑफिसातले फोन घेऊन घेऊन माझा कान लाल झाला असता. इथल्या खासगी रुग्णालयाचा खर्च झेपणारा नव्हता. परदेशात लगेच होत होतं, आणि आमच्या आवाक्यातही होतं. एका जाहिरातीवरून मी फोन लावला. तिकडची मुलगी साखरेत घोळलेली. "मॅडम, काही काळजी करू नका. विमानतळावर गाडी येईल. ऑपरेशन झालं की एक दिवस शहर दाखवून आणू आणि घरी पाठवू. लोक सुट्टी म्हणून येतात आमच्याकडे."

मी हुरळले. खोटं कशाला बोलू? बॅगेत कुठले कपडे भरायचे इथपर्यंत माझी मजल गेली होती.

हे दाराशी उभे राहून म्हणाले, "जाऊ नकोस."

"का?"

"नको."

"अहो, का ते तरी सांगाल?"

यांनी दाराची कडी उगाच वरखाली केली. मग म्हणाले, "घर मोठं आहे. मी एकटा काय करू इथे?"

दोन खोल्यांचं आमचं घर. मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं. पण मी मागे हटले नाही. म्हटलं, "तुम्हाला मी हवी आहे, हे कळतंय मला. पण मला माझा वर्ग हवाय. ऑफिसात बसून मी नुसती वाढत जाईन आणि तुम्ही नुसत्या खुर्च्या करत जाल."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. आल्यावर म्हणाले, "मी बरोबर येणार. पण आधी त्या पोरीला विचार, परत आल्यावर बिघडलं तर कोण बघणार. आणि लगेच विमानात कसं बसवतात तेही विचार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुठळीची भीती असते."

मी विचारलं. साखरेची मुलगी आधी हसली. "अहो मॅडम, असं वाईट कशाला मनात आणता?" मी पुन्हा विचारलं. मग ऑपरेशन कोण करणार ते विचारलं, तर म्हणाली, त्या दिवशी जे डॉक्टर असतील ते. मी वर्गात अशी मुलं रोज बघते. बरणी फोडलेली असते आणि ती खिडकीतला पक्षी दाखवत असतात. मी फोन ठेवला आणि बॅगेतले कपडे परत कपाटात लावले.

दुसरं रुग्णालय डॉक्टरीणबाईंच्या ओळखीतून मिळालं, तेही परदेशातच. तिथल्या सर्जनने दुभाष्या मुलीला मध्ये घेऊन फोनवर माझी उलटतपासणीच घेतली. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, मन दुखावलं की खाता का. शेवटी म्हणाला, आत्ता नाही. आधी झोपेची तपासणी करा, थोडं वजन स्वतः उतरवा, मग तारीख देतो. आणि ऑपरेशननंतर आमच्या शेजारच्या अतिथिगृहात राहायचं, मी सोडेपर्यंत विमान नाही. माझा संताप संताप झाला. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, पैसे मी देणार आणि वर परीक्षाही मीच द्यायची? त्या म्हणाल्या, "नाही म्हणणारा डॉक्टर मिळालाय, सोडू नका. परत आल्यावर तुमच्या रक्ततपासण्या मी बघेन. सगळे कागद मला वाचता येतील अशा भाषेत आणा."

झोपेची तपासणी झाली, थोडं वजन उतरवलं, तेव्हा कुठे तारीख मिळाली. विमानात जाताना यांनी एक गंमत केली. सीटचा पट्टा मला पुरणार नाही म्हणून त्यांनी दुकानातल्या पट्ट्याचा जोड शिवून आणला होता, पक्का, दुहेरी शिलाईचा. हवाईसुंदरीने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, गोड हसली आणि आपल्याकडचा जोड आणून दिला. हे खट्टू झाले. म्हणाले, "त्यांच्यापेक्षा माझाच मजबूत होता." सगळा प्रवास तो पट्टा मांडीवर घेऊन बसले होते.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. शुद्धीवर आले तेव्हा पोटात कुणी इस्त्री फिरवतंय असं वाटत होतं, पण नर्सने त्याच दिवशी धरून चालवलं. पाणी औषधाच्या टोपणाएवढ्या कपातून घोटघोट प्यायचं. इस्पितळ स्वच्छ, माणसं प्रेमळ. अडचण एकच, त्यांचं बोलणं आम्हाला कळत नव्हतं आणि आमचं त्यांना. दुभाषी मुलगी एक आणि पेशंट सतरा ठिकाणचे. मग आम्ही शेजारच्या अतिथिगृहात राहायला आलो आणि शेवटच्या तपासणीचा दिवस उजाडला. सर्जन हो म्हणाला की संध्याकाळचं विमान. घरी पोचून थोडी ताकद आली की नवं वर्ष सुरू व्हायच्या आत मी शाळेत उभी, असं मी मनात पक्कं केलं होतं.

त्या सकाळी उठले तर डावा खांदा दुखत होता. छातीत धडधडत होतं. अंगात कणकण होती. मी कुणाला बोलले नाही. वेदनेची गोळी होती ती घेतली, वेणी घातली, पावडर लावली. हे विचारत होते, "बरी आहेस ना?" मी म्हणत होते, "मस्त." माझ्या मनात एकच होतं, आता कुठे माशी शिंकायला नको.

तपासणीच्या खोलीत दुभाषी मुलगी अजून आली नव्हती. नर्सने कागद काढले, हसली आणि माझ्यासमोर एक पुठ्ठा धरला. त्यावर चेहरे होते. एका टोकाला खूप हसरा, मग थोडा हसरा, मग गप्प, मग उतरलेला, आणि दुसऱ्या टोकाला रडका. किती दुखतंय ते दाखवा, असं तिचं म्हणणं.

माझं बोट आपोआप खूप हसऱ्यावर गेलं. शपथेवर सांगते, मला विचारसुद्धा करावा लागला नाही. इतक्या वर्षांची सवय. नर्सने मान डोलावली आणि लिहायला लागली.

तेवढ्यात यांनी माझं मनगट पकडलं. आयुष्यात कधी चारचौघांत माझा हात न धरलेला हा माणूस. त्यांनी माझं बोट त्या पुठ्ठ्यावरून सरळ दुसऱ्या टोकाला नेलं आणि रडक्या चेहऱ्यावर टेकवून दाबून धरलं.

"अहो, काय करताय?" मी चिडून म्हटलं.

ते म्हणाले, "अगं, इथे मुलं नाहीत."

मला कसं सांगू काय झालं ते. माझा बांधच फुटला. मी त्या परक्या बाईसमोर हुंदके देऊन रडले, खांद्याला हात लावून दाखवला, छातीला लावून दाखवला. नर्सने पुठ्ठा बाजूला टाकला, माझ्या बोटाला नाडीचं यंत्र लावलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मग जी पळापळ झाली ती झाली.

शिवण एका जागी गळत होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या धोक्यांतला एक माझ्याच वाट्याला आला होता. पुन्हा भूल, पुन्हा पोटात नळ्या, नाकातून अन्नाची नळी. मी पडले होते आणि हे एका खुर्चीत बसून होते. त्या खुर्चीचे पट्टे सैल होते, मधोमध खड्डा पडला होता. पण यांनी तिच्याकडे एकदाही वाकून बघितलं नाही. त्यांची नजर माझ्यावरून हलत नव्हती. धोका टळल्यावर सर्जन दुभाषी मुलीला घेऊन आला. तो काहीतरी म्हणाला, तिने "त्या संध्याकाळी विमानात बसला असतात तर" एवढंच सांगितलं आणि पुढचं गिळलं. पुढचं आम्हाला दोघांनाही कळलं. यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

नवं वर्ष माझ्याशिवाय सुरू झालं. मी घरी परत आले ती हाडं आणि पिशवीभर कागद घेऊन. केस मूठमूठ गळले. एक घास जास्त झाला की उलटी. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचले, रक्त तपासलं, कमी होतं ते भरून काढलं. आणि हळूहळू साखरेच्या गोळ्या सुटल्या. जिने चढताना दम लागेनासा झाला. गुडघे कुरकुर करायचे, पण सांगितलेलं ऐकायचे. आता लोक मला विचारतात, परदेशी जाऊन करू का? मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. डॉक्टरीणबाईंचे प्रश्न सांगते. आणि सांगते की तुमचं खोटं हसू ओळखणारं माणूस बरोबर न्या.

मुख्याध्यापिकांनी मला अर्ध्या दिवसासाठी वर्गात घेतलं, नव्या तरुण बाईच्या जोडीला. पहिल्या दिवशी दाराशी मी चेहऱ्यांच्या पट्टीपुढे थांबले आणि बोट गप्प चेहऱ्यावर ठेवलं. धाकधूक होती म्हणून. मुलांनी ते पाहिलं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. मग मी सतरंजीवर बसले. मांडी घालून बसले. मुलं गोळा झाली. गोष्ट सांगता सांगता माझी नजर माझ्याच खुर्चीकडे गेली, वर्गात मी इतकी वर्षं जिच्यावर बसत होते तिच्याकडे. खालून ती मी कधी पाहिलीच नव्हती. बैठकीखाली दुहेरी पट्टे होते, आडवे आणि उभे, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, आणि एका कोपऱ्यात लाल गाठ.

मला वाटलं, असेल कधी दुरुस्तीला आलेली. गोष्ट संपली, मी खुर्चीचा आधार घेऊन उठले. कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही. नव्या बाईने टाळ्या वाजवल्या, मग मुलांनीही वाजवल्या, का ते त्यांना ठाऊक नव्हतं.

पण ती लाल गाठ डोक्यातून जाईना. रविवारी नणंदेकडे गेलो. तिच्याकडे जेवणाच्या टेबलाभोवती सारख्या खुर्च्या आहेत, माझी जागा भिंतीकडची. मी मुद्दाम खाली बसले. नणंद म्हणाली, "वहिनी, अहो वर बसा ना." म्हटलं, "बसू दे गं, नवलाई आहे." आणि मान वाकवून बघितलं. बाकीच्या खुर्च्यांखाली साधी फळी होती. माझ्या एकटीच्या खुर्चीखाली दुहेरी पट्टे, लोखंड आणि लाल गाठ. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात मी पर्स खाली पाडली. उचलायच्या निमित्ताने कोपऱ्यातल्या खुर्चीखाली बघितलं, मी नेहमी बसायचे तिच्या. तिथेही तेच.

मग मला यांचं आधी जाणं आठवलं. प्रत्येक बोलावण्याला, प्रत्येक कार्याला. आणि मी लोकांना ताठ मानेने सांगत फिरत होते की माझ्याखाली आजवर एकही खुर्ची मोडली नाही.

घरी आले. हे पुढच्या खोलीत जमिनीवर बसून कुणाच्यातरी सोफ्याचे पट्टे ताणत होते. मी पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी, खिळ्यांच्या डब्याजवळ, फतकल मारून बसले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या खोलीत मी कायम दारात उभं राहूनच बोलले होते. काय काय बोलायचं ठरवून आले होते.

"वन्संकडच्या खुर्चीचं लोखंड आता काढून टाका," एवढंच म्हटलं. "गरज नाही त्याची."

यांचा हात थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. खाली बसले होते."

बराच वेळ ते खिळे निवडत राहिले. सगळे खिळे सारखेच होते. मग पट्ट्याचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं.

"ओढून धर," म्हणाले. मी धरलं.